टेलिमार्क स्की आणि बाइंडिंग घेताय? या चुका टाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सॉल्ट लेक सिटीत जुन्या स्कींचे बाजार भरतात आणि साधारण त्याच सुमारास आमचा दिवाळीचा फराळ असतो. गेल्या वर्षी फराळाला आलेल्या एका पोराने चकलीला हात लावायच्या आधीच मला पार्किंगमध्ये ओढत नेलं. "काका, बघा तर काय घबाड मिळालंय!" डिकीत स्कीची जोडी होती, कडा शाबूत, तळाला एक खोल चरा नाही. वर एनटीएन बाइंडिंग बसवलेलं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा नवा प्रकार. शेजारच्या पिशवीत बूट, तेही धड, पण पुढून बदकाच्या चोचीसारखा सोल बाहेर आलेले, जुन्या ७५ मिलिमीटर पद्धतीचे. दोन्ही वस्तू उत्तम, पण पत्रिका जुळेना. तो बूट त्या बाइंडिंगमध्ये जन्मात बसला नसता.

ही चूक त्या एकट्याची नाही. टेलिमार्क म्हणजे टाच मोकळी ठेवून स्की करणं. वळताना बाहेरचा पाय पुढे, आतला मागे, मागच्या पायाची टाच उचललेली आणि गुडघा वाकलेला. खो मिळायची वाट बघत चौकात बसलेला गडी डोळ्यांपुढे आणा. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातल्या मॉर्गेदाल गावच्या सोंद्रे नॉरहाइमने १८६८ साली ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, आपलं कसब दाखवून शहरातल्या लोकांना थक्क केलं. पुढे टाच जखडणारं आल्पाइन तंत्र आलं आणि हा प्रकार मागे पडला, तो १९७०च्या दशकात कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी पुन्हा उचलला. खेळ लहान, करणारे हौशी आणि सामान बनवणारे मूठभर. त्यामुळे आल्पाइनमध्ये बूट-बाइंडिंगचं जसं बऱ्यापैकी एका साच्यात बसलं, तसं इथे कधी बसलंच नाही.

आधी कळस, मग पाया

नवा माणूस दुकानात शिरला की भिंतीवरच्या रंगीत स्कींकडे जातो. स्की ठरली की बाइंडिंग, आणि उरलेल्या पैशांत बूट. हा क्रम बरोब्बर उलटा हवा. पायाला बसणारा बूट मिळणं सगळ्यात कठीण, म्हणून आधी बूट. बूट ठरला की बाइंडिंगचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात, आणि स्की त्यानंतर कुठलीही चालते.

बुटांची तीन घराणी ओळखायला शिका. पहिलं ७५ मिलिमीटरचं: पुढे चोच, चोचीखाली तीन भोकं, आणि टाचेमागून येणारी केबल. रोटेफेला या नॉर्वेजियन कंपनीने १९२०च्या दशकात तीन पिनांचं बाइंडिंग आणलं, तेव्हापासूनची ही परंपरा. दुसरं एनटीएन, तेही रोटेफेलाचंच, २००७ सालचं. यात चोच नाही. बूट पुढे पंजात अडकतो आणि तळव्याखाली, चवड्याच्या मागे, एक खाच असते, तिला बाइंडिंगची पकड धरते. तिसरं घराणं टेक पिनांचं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या लहानशा वाट्या असतात, त्यांत पिना बसतात आणि मागून केबल किंवा तळव्याखालची पकड स्प्रिंगचं काम करते. मेइद्यो आणि लिंक्स ही बाइंडिंगं याच जातीची.

इथे फसगत होते ती अशी: एनटीएन बूट आहे म्हणजे त्यात टेक पिनांच्या वाट्या असणारच, असं लोक धरून चालतात. सगळ्यांत नसतात. घेण्याआधी बूट उलटा धरून बोट फिरवा, धातू लागला तर आहे.

जुने बूट घेत असाल तर चवड्यावर भात्यासारख्या चुण्या असतात त्या आधी बघा. बूट हाताने वाकवा आणि चुणीच्या तळाशी उजेडात केसासारखी चीर दिसते का ते पाहा. प्लास्टिक जुनं झालं की तिथेच फाटतं, आणि ते नेमकं गाडीपासून दूर असतानाच फाटतं. ७५ मिमीत चोचीची भोकं लंबगोल झालीत का तेही बघा. झाली असतील तर पिना खुळखुळणार.

दोन दगडांवर पाय

"रिसॉर्टलाही चालेल आणि डोंगरातही, असं एकच काहीतरी सांगा." हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मी उलट विचारतो: गेल्या हिवाळ्यात लिफ्टने किती दिवस गेलात आणि पायी चढून किती? उत्तर बहुधा पंधराला दोन असं येतं, आणि खरेदी मात्र त्या दोन दिवसांच्या स्वप्नावर होते. मग अतिहलकी स्की घेऊन माणूस दिवसभर लिफ्टखालच्या कडक, घासलेल्या बर्फावर थडथडत उतरतो.

उलटी चूक जास्त दुखते. चढण्यासाठी बाइंडिंगला मोकळी बिजागरी हवीच. ती नसली की प्रत्येक पावलाला टाच उचलताना तुम्ही स्प्रिंगशी कुस्ती खेळता. हॅमरहेडसारखी जुनी बाइंडिंगं उतरायला दणकट, पण त्यांना ही सोय नाही. वजनाचा हिशेब सोपा आहे: एका पायाला तीनशे ग्रॅम जास्त आणि त्या पायाची दोन हजार पावलं, म्हणजे दिवसभरात सहाशे किलो फुकट उचलले. नाकापेक्षा मोती जड.

माझं मत विचाराल तर पंधराला दोनवाल्याने रिसॉर्टसाठीच सामान घ्यावं, फक्त बाइंडिंग मोकळ्या बिजागरीचं असावं. दोन दिवस थोडी दमछाक झाली तर बिघडत नाही. निम्मे-निम्मे दिवस असतील तर टेक पिनांकडे वळा. पैसे जास्त पडतात, पण दुसरी जोडी घ्यावी लागत नाही.

स्कीवर 'टेलिमार्क' लिहिलेलं शोधू नका

एकेकाळी टेलिमार्कच्या वेगळ्या, अरुंद स्की मिळायच्या. आता जवळजवळ सगळे साध्या आल्पाइन किंवा टूरिंग स्कीवरच टेलिमार्क बाइंडिंग बसवतात. उंची हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान, पायाखालची रुंदी ८५ ते १०० मिमी. बहुतेकांना एवढं पुरतं.

त्याहून रुंद स्कीचा मोह आवरा, निदान पहिल्या जोडीला. मागच्या पायाची टाच उचललेली असते, म्हणजे मागची स्की कडेवर वळवायला तुमच्याकडे फक्त चवडा असतो. पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, हे जाणवत नाही. कडक बर्फावर रुंद स्की घोट्याला पिळते आणि मागची स्की फडफडत भलतीकडे जाते. ७५ मिमी बूट आडवा जास्त लवतो, त्यामुळे तिथे हे अधिक. एनटीएनची आडवी पकड घट्ट, तिथे थोडं निभावतं. धातूचे पत्रे घातलेली ताठ स्कीही अशीच. तिच्यावर दोन्ही पायांचं वजन सारखं पडलं तरच ती वाकते, आणि शिकाऊ माणसाच्या मागच्या पायावर वजन नसतंच.

स्प्रिंग: कमी घट्ट आणि जास्त घट्ट

स्की वळत नाही म्हणून स्की बदलणारे मी पाहिलेत. निम्म्या वेळा दोष स्प्रिंगचा असतो. बिजागरी जितकी मागे, चवड्याच्या जवळ, तितकं बाइंडिंग टाच उचलताच स्कीच्या टोकाला खाली दाबतं. पुढे असेल तर पाय मोकळा राहतो, पण मागच्या स्कीवर दाब द्यायचं काम सगळं तुमच्या मांडीवर येतं. मऊ बुटाला फार कडक स्प्रिंग लावली तर बूट चवड्यावर चुरगळतो आणि संध्याकाळी नखं काळीनिळी. ताठ बुटाला मऊ स्प्रिंग लावली तर चपलेत स्की केल्यासारखं वाटतं.

ही तपासणी घरी गालिच्यावर होते. बूट-स्की घालून उभे राहा, मागचा गुडघा सावकाश स्कीपर्यंत खाली न्या, आणि कुणाला तरी स्प्रिंगच्या वेटोळ्यांकडे बघायला सांगा. गुडघा टेकायच्या आतच वेटोळी एकमेकांना भिडली तर पुढचा ताण केबलवर आणि स्क्रूंवर जातो. मग एक दिवस केबल तुटते, किंवा बाइंडिंग स्क्रूंसकट उपटून हातात येतं. केबल एक-दोन आटे सैल करा, पुन्हा वाका, पुन्हा बघा. हे काम माझ्या घरी बायको करते. तिच्या मते ही आमच्या लग्नातली सर्वांत कंटाळवाणी परंपरा आहे.

सोनाराने कान टोचावेत

भोकं घरी पाडायची हौस असेल तर आधी एक रद्दी स्की मिळवा. साध्या लाकडी गाभ्याला ३.५ मिमीचं आणि धातूचा पत्रा असलेल्या स्कीला ४.१ मिमीचं ड्रिल बिट लागतं. खोली सहसा ९ मिमी, पण आपला स्क्रू मोजून खात्री करा. जुनी भोकं असतील तर नवं भोक त्यांच्यापासून सेंटीमीटरभर तरी दूर. टेलिमार्क बाइंडिंग स्क्रूंना सतत वर खेचतं, म्हणून अतिहलकी स्की घेण्याआधी ती टेलिमार्कला चालते का ते कंपनीला विचारा. काही ठिकाणी वॉरंटी मिळत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिच्यापायी मी दोन स्क्रूंची डोकी खाल्ली आहेत. बाइंडिंगचे स्क्रू पॉझिड्राइव्ह तीन नंबरचे असतात. आपण घरी ज्याला स्टार स्क्रूड्रायव्हर म्हणतो तो फिलिप्स, दिसायला तसाच, पण जोर लावला की घसरतो आणि स्क्रूची फुली गोल करतो. ड्रिल दुकानात मारून घ्या हवं तर, पण तो एक बिट स्वतःच्या खिशात ठेवा.

जागा ठरवताना बुटाच्या बाजूवर कोरलेली मध्यरेषा स्कीवरच्या खुणेवर आणा. ७५ मिमीत जुने लोक पिनांच्या रेषेवरून मोजतात, तेही चालतं, फक्त कुठलं मोजमाप धरलंय ते दुकानदाराला स्पष्ट सांगा. पावडरमध्ये टोकं सारखी बुडत असतील तर बाइंडिंग फार पुढे बसलंय का ते तपासा.

पडल्यावर काय होतं

गुलमर्गच्या कोर्समध्ये आल्पाइनवर शिकून आलेल्यांची एक समजूत असते: जोरात पडलो की बाइंडिंग सुटणार. टेलिमार्कमध्ये हा भरवसा धरू नका. बहुतेक ७५ मिमी बाइंडिंगं सुटतच नाहीत. एनटीएन आणि टेकवाल्यांपैकी काही आडव्या झटक्याला सुटतात, पण आल्पाइनसारखी प्रमाणित सेटिंगची हमी त्यांना नसते. रिसॉर्टमध्ये ब्रेक किंवा पायाला बांधायचा पट्टा लागतो. हिमस्खलनाच्या उतारावर तोच पट्टा घात करतो, कारण अडकलेली स्की तुम्हाला नांगरासारखी खाली ओढते. म्हणून डोंगरात मी पट्टा काढतो किंवा झटक्याने तुटणारा वापरतो, आणि निघण्याआधी युटा ॲव्हलाँच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचतो. बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) हवेतच. गुलमर्गला गोंडोल्याच्या वरच्या टप्प्यावरून अफरवटला जाणाऱ्यांनाही हे लागू. तिथलं बरंच क्षेत्र नियंत्रणाबाहेरचं आहे. आणि टेलिमार्कचं सामान तिथे भाड्याने मिळेल या भरवशावर जाऊ नका.

डोंगरातली दुरुस्ती

सॉल्ट लेक सिटीजवळच्या आल्टा या स्की रिसॉर्टच्या शेजारी असलेल्या ग्रिझली गल्चमध्ये चढून झाल्यावर बाइंडिंग उतरायच्या मोडमध्ये जाईना, असा अनुभव प्रत्येकाला एकदा येतो. लोक खटका दाबत बसतात, शेवटी लाथ घालतात, आणि प्लास्टिक तुटतं. खटक्यात दोष नसतो. चढताना बुटाखाली दबलेला बर्फ तिथे गोठून दगड झालेला असतो. काठीच्या टोकाने पंजाखालचा आणि बिजागरीमागचा बर्फ खरवडून काढा, मग एका बोटाने खटका बसेल. निघण्याआधी घरीच सिलिकॉनचा फवारा मारला तर बर्फ कमी धरतो. पिशवीत एक जादा केबल आणि दोन रबरी पट्टे असू द्या. पट्ट्यांनी मी तुटलेली बकल, सुटलेली स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी) आणि एकदा चहाच्या थर्मासचं झाकणसुद्धा बांधलंय.

फराळाच्या दिवशीच्या पोराचं काय झालं? बूट त्याच्या पायाला मोज्यासारखे बसत होते, म्हणून बूट ठेवले, एनटीएन बाइंडिंग विकलं आणि त्याच स्कीवर मोकळ्या बिजागरीचं ७५ मिमी बाइंडिंग बसवून घेतलं. डिसेंबरात आल्टाच्या पार्किंगमधून त्याचा फोन आला. "काका, बूट अर्धाच आत जातोय, दुकानवाल्याने चुकीचं बसवलं वाटतं." मी विचारलं, चोचीखालचा बर्फ काढलास का? काढला होता. केबल सैल केलीस? केली होती. मग म्हटलं, स्कीची अदलाबदल करून बघ. ७५ मिमीची चोच तिरकी असते, त्यामुळे बाइंडिंगला डावं-उजवं असतं. पलीकडून खट्ट असा आवाज आला, आणि मग फोन कटच झाला.