आधी खर्जाला विचारा: विस्मृत बरोक ल्यूट-वृंदसंगीत शोधून ध्वनिमुद्रित करताना

बरोक काळात (साधारण 1600 ते 1750) ल्यूट हे तारा छेडून वाजवायचं युरोपियन वाद्य एकट्यानंच वाजायचं, असा समज पक्का बसला आहे. पण 1700 च्या आसपास व्हिएन्ना आणि परिसरात ल्यूट, व्हायोलिन आणि खर्जाचं एखादं वाद्य अशा छोट्या मेळासाठी बरंच लिहिलं गेलं. हिंटरलाइथनर (1699) आणि राडोल्ट (1701) या रचनाकारांचे संग्रह व्हिएन्नात छापलेही गेले. पुढच्या पिढीत फाल्केनहागेन, हागेन, कोहाउट आहेत. हे संगीत आज क्वचित वाजतं, त्यामागे एक व्यावहारिक अडचण आहे. प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळ्या पुस्तकात असतो, आणि ल्यूटचा पार्ट टॅब्युलेचरमध्ये, म्हणजे स्वरांऐवजी बोटांच्या जागा सांगणाऱ्या, फक्त ल्यूटवादकालाच वाचता येईल अशा लिपीत.

शोध रिझ्मच्या (RISM), म्हणजे जुन्या संगीत-हस्तलिखितांच्या आणि छापील संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीच्या, ऑनलाइन सूचीपासून सुरू करा. ल्यूटला जर्मनमध्ये ‘लाउटे’, फ्रेंचमध्ये ‘लूथ’ आणि इटालियनमध्ये ‘लिउटो’ म्हणतात, तेव्हा तिन्ही शब्द टाकून पाहा. ड्रेस्डेन, आउग्सबुर्ग, ब्रुसेल्सचं राजग्रंथालय आणि क्रेम्सम्युन्स्टरचा मठ इथले संग्रह आधी चाळावेत. प्रती मागवण्यापूर्वी मुखपृष्ठावर किती वाद्यं लिहिली आहेत आणि प्रत्यक्षात किती पार्ट शिल्लक आहेत, हे जुळवून घ्या. ल्यूटवादक-रचनाकार वाइसच्या लंडनमधल्या हस्तलिखितात ल्यूट-बासरीच्या रचना आहेत, पण बासरीचा पार्टच हरवलेला आहे. प्रती रंगीत मागवा. कृष्णधवल प्रतीत पाठच्या पानाची उमटलेली शाई आणि खरी तिरकी रेघ यांत फरक कळत नाही, आणि या लिपीत एका रेघेनं स्वर बदलतो.

तो कसा, ते पाहू. सहा ओळी म्हणजे वरचे सहा कोर्स. कोर्स म्हणजे एक तार किंवा तारांची जोडी. ओळींवरची अक्षरं स्वरांची नावं नसून बोटांच्या जागा आहेत: ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा. ‘सी’ हे अक्षर बहुधा ‘आर’सारखं दिसतं, फसू नका. नेहमीची डी मायनर मिळवणी वरून खाली एफ, डी, ए, एफ, डी, ए अशी असते. सहा ओळींच्या खाली नुसता ‘ए’ म्हणजे सातवा कोर्स. एक, दोन, तीन तिरक्या रेघा म्हणजे आठवा, नववा, दहावा. आणि 4, 5, 6 हे आकडे म्हणजे अकरावा ते तेरावा.

सर्वांत जास्त चुका या खालच्या कोर्समध्ये होतात. ते रचनेच्या स्वरपट्टीप्रमाणे मिळवलेले असतात. डी मेजरमध्ये आठवा कोर्स एफ नसून एफ-शार्प असतो, अकरावा सी-शार्प. टॅब्युलेचरचे स्वर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हे आधी सांगितलं नाही, तर मेजर रचनेत मायनरचे खर्ज मिसळतात आणि दोष विनाकारण लेखनिकावर जातो. म्हणून आधी फक्त ल्यूटचे खर्ज लिहून काढा आणि खर्ज-वाद्याच्या पार्टशेजारी ठेवा. या मेळांत तो पार्ट बराचसा ल्यूटच्या खर्जाबरोबर चालतो, त्यामुळे सुटलेली रेघ लगेच पकडली जाते.

शेवटचा स्वर तर हमखास तपासा. समजा, टॅब्युलेचर डी मायनरवर संपतं आहे आणि खर्ज-वाद्य सीवर. ही चूक नसावी. ते ल्यूट आकारानं मोठं, एक पूर्ण स्वर खाली मिळवलेलं असणार. राडोल्टच्या संग्रहात वेगवेगळ्या आकारांची ल्यूट एकत्र येतात. टॅब्युलेचर बोटाची जागा सांगतं, स्वराची उंची नाही. अशा वेळी स्कोअरमध्ये (सगळे पार्ट एकाखाली एक लिहिलेल्या प्रतीत) ल्यूटचा पूर्ण पार्ट एक स्वर खाली सरकवा, अक्षरांना हात लावू नका.

तालाचंही तसंच. वरची तालचिन्हं बदल होईल तेव्हाच लिहिलेली असतात. प्रत्येक बारची बेरीज करा. कमी भरली तर टिंब सुटलं आहे का पाहा, आणि व्हायोलिनचा बार समोर ठेवूनच दुरुस्ती करा.

हरवलेला पार्ट नव्यानं लिहायचा असेल, तर ल्यूट नुसता खर्ज किंवा स्वरसंघ धरून बसलं आहे अशा जागा शोधा. मुख्य चाल बहुधा तिथे हरवलेल्या वाद्याकडे असते. मग ल्यूटमध्ये आधी आलेला तुकडा तिथे बसतो का, ते पाहा. नवे स्वर लहान आकारात छापा.

आता ध्वनिमुद्रण. तेरा कोर्सच्या ल्यूटला साधारण 24 तारा असतात. ए = 415 ला (म्हणजे ए हा स्वर 415 हर्ट्झला मिळवला असता) वरच्या एफसाठी तारेची मोकळी लांबी 70 सेंमीच्या आसपास बरी. 75 सेंमीला तात (आतड्याची तार) तुटण्याच्या अगदी काठावर असते. खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांजवळ स्थिर ठेवा आणि वाद्य तासभर आधी तिथे आणून ठेवा. व्हायोलिन अनेकदा ल्यूटचीच चाल वाजवतं, त्यामुळे किंचित बेसूरपणाही कानाला बोचतो. पडदे आधी बांधून पक्के करा, मग व्हायोलिनवादकानं मशीनवर नाही, ल्यूटवर सूर मिळवावा.

खरी कटकट आवाजाच्या समतोलाची. व्हायोलिन ल्यूटला सहज झाकतं, आणि मिक्सिंगमध्ये ल्यूट वर ओढलं की खुर्चीची करकर आणि बोटांची खरखरही वर येते. त्यापेक्षा माणसं हलवा. कमी अंतर्गत गोंगाटाच्या कंडेन्सर मायक्रोफोनची जोडी ल्यूटपासून दीड-दोन मीटरवर ठेवा, व्हायोलिन आणि खर्ज-वाद्य ल्यूटच्या मागे नेत जा. ध्वनिमुद्रण 24 बिटवर घ्या आणि पातळीचं सर्वोच्च टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. दर टेकनंतर खर्जाच्या तारा तपासा. दोन टेकमध्ये त्या उतरल्या, तर जोडकाम करताना सांधा ऐकू येतो, आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट बुजत नाही.