भुलीच्या गॅस मॉनिटरचा आकडा खोटा का उतरतो: या चुका टाळा

साइडस्ट्रीम गॅस मॉनिटर रुग्णाच्या श्वासमार्गाजवळून मिनिटाला साधारण ५० ते २५० मिलिलिटर वायू बारीक नळीतून ओढून घेतो. या सॅम्पलिंग लाइनचा जोड सैल असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर खोलीतली हवाही त्यात मिसळते आणि पडद्यावरचे आकडे खोटे उतरतात. शंका घ्यायची तर आधी नळीवर घ्यावी, पण नव्या शिकाऊ डॉक्टरांचा हात आधी भुलीचा वायू कमी-जास्त करणाऱ्या डायलकडे जातो.

लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड २२ मिमी पाऱ्यापर्यंत घसरला. कनिष्ठ भूलतज्ज्ञाने व्हेंटिलेटरचे श्वास कमी केले आणि आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायूही ०.८ टक्केच दिसत असल्याने डायल २ वर नेली. मला बोलावले तेव्हा रक्तदाब ८० वर आला होता. पडद्यावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचा सपाट भाग खाली दबलेला होता आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी त्याला छोटे टोक येत होते. शिवाय ऑक्सिजनचा आकडाही सोबतच घसरलेला होता. तिन्ही आकडे एकदम उतरले की दोष रुग्णापेक्षा नळीत असण्याचीच शक्यता अधिक. नळी बदलताच कार्बन डायऑक्साइड ५० आणि आयसोफ्लुरेन १.८ दिसले, म्हणजे रुग्णाला श्वास कमी आणि भूल जास्त मिळत होती. मशीनमधून ताजा वायू कमी सोडला (कमी फ्लो) की डायल आणि आकडा यांत थोडी तफावत असतेच. ती अचानक वाढली तर आधी जोड तपासावेत.

पहिल्या केसपूर्वी मी नळीत स्वतः फुंकून आलेख पाहतो आणि मग तिचे तोंड बोटाने दाबून धरतो. नळी बंद असल्याचा अलार्म वाजला नाही, तर हवा कुठून तरी आत शिरते आहे असे समजतो. याला अर्धे मिनिटही लागत नाही, तरी ‘सर, कालच तर चालत होतं’ हे उत्तर ठरलेले असते.

दुसरी चूक पाण्याची. ओटीतल्या एसीच्या गारव्याने श्वासातली वाफ नळीत साचते आणि ती घालवण्यासाठी काही जण सिरिंजने मॉनिटरच्या दिशेने हवा मारतात. ते पाणी थेट मोजणीच्या कक्षात जाते. नळी स्वस्त आहे, वायू मोजणारा ॲनालायझर नाही. ओली नळी सरळ बदलावी. नळीतले पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप अर्धा भरण्याआधीच मोकळा करावा, आणि नळी श्वासमार्गातल्या फिल्टरच्या मशीनकडच्या बाजूला, तोंड वर ठेवून जोडावी.

मॉनिटर यूपीएसवरच असावा. लाइट गेली की तो नव्याने तापेपर्यंत आकड्यांवर विसंबता येत नाही. खोलीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के दिसायलाच हवा. मॉनिटरमधून बाहेर पडणारा वायू ओटीत न सोडता स्कॅव्हेंजिंगला, म्हणजे वाया जाणारा वायू बाहेर नेणाऱ्या व्यवस्थेला, जोडावा. ॲप्नियाचा (श्वास थांबल्याचा) अलार्म कायमचा बंद करणाऱ्याला मी ओटीत ठेवत नाही.

श्वास आत घेताना आलेख शून्यावर उतरत नसेल, तर सोडा लाइम (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) आणि मशीनचे व्हॉल्व्ह पाहावेत. संपलेला, जांभळा पडलेला सोडा लाइम रात्रभर पडून राहिला की पुन्हा पांढरा दिसू लागतो, त्यामुळे तो बदलायचा की नाही हे सकाळच्या रंगावरून ठरवू नये.