सासरी रुळायचंय? मी केलेल्या या चुका टाळा

मी रत्नागिरीची, दिली नाशिककडच्या निफाड तालुक्यात, द्राक्षबागवाल्या घरात. लग्न डिसेंबरात. आठव्या दिवशी आईला फोन लावून रडले, "या घरात माझ्याशी कुणी धड बोलतच नाही."

हीच पहिली चूक आणि सगळ्यात महागातली. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षं त्या वेळी वेलीवर असतात. निफाडची थंडी वाढली की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं. वर्षाचं कर्ज वेलीला लटकलेलं असताना सासरे ताटावर गप्प बसतात, ते सुनेवर रुसून नव्हे. घर कशाच्या घोरात आहे ते आधी बघा. माल उतरला आणि एप्रिलच्या खरड छाटणीला तेच मला हाताशी घेऊन काडी कुठून कापायची ते दाखवत बसले. अख्खी सकाळ!

दुसरी चूक, स्वयंपाकघर जिंकायला जाणं. ओल्या नारळाचं वाटण घालून मी मटकीची उसळ केली. सगळ्यांनी निमूट खाल्ली. जरा वेळाने सासूबाईंनी खलबत्त्यात ठेचा कुटायला घेतला. (आवाज अजून कानात आहे.) इकडे कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजल्याशिवाय रश्शाला रस्सा म्हणत नाहीत. उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करायला निघाला, तेव्हा मी शहाणपण गुंडाळून मिरच्यांची देठं खुडत बसले. शिंकता शिंकता त्या त्यांच्या सासूबद्दल बोलायला लागल्या. नव्या नवरीच्या हातचं पिठलं गुरांपुढे गेलं होतं म्हणे. करून दाखवण्यापेक्षा "शिकवा ना" म्हणा.

तिसरी, नवऱ्याला पोस्टमन करणं. मी त्याला सांगणार, तो आईला, आई जाऊबाईंना. पोचेपर्यंत राईचा पर्वत. शेवटी मीच म्हटलं, "ताई, माझी नाशिकची बस पावणेसातची असते. अंघोळीला आधी मी जाऊ का?" त्या म्हणाल्या, "एवढंच होय? मला वाटलं, तुला आमची न्हाणीच आवडत नाही."

"आमच्या रत्नागिरीत" हे दोन शब्द दिवसातून एकदाच. आणि "आई" ही हाक जिभेवर येत नसेल तर ओढून आणू नका. मी चार महिने "अहो" वर काढले.

मात्र मारहाण, पैशांची मागणी, माहेरी फोन करायला बंदी असेल तर यातलं काहीही लागू नाही. तिथे चूक तुमची नसते. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.

दुसऱ्या डिसेंबरात पहाटे चारला दारावर सासूबाईंची थाप पडली. "ऊठ गं, शेकोट्या पेटवायच्यात, तुझे सासरे एकटेच गेलेत." त्या दिवशीही मी आईला फोन करून कुरकुरले. थंडीबद्दल.