आकडा कुठे थांबला? घरची बिअर बाटलीत भरण्याआधीची तयारी

बाटल्या भरायची तयारी बिअर बनवायच्या दिवशीच सुरू होते. वॉर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या सातूचं) गोड पाणी, थंड झालं की यीस्ट टाकायच्या आधी हायड्रोमीटरचा आकडा घ्या आणि वहीत लिहून ठेवा. हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगणारी काचेची मोजपट्टी. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते, साखर जितकी जास्त तितका आकडा वर. शेवटी कुठे पोचायचंय ते सुरुवात कुठून झाली यावर ठरतं. उदाहरणाला साधी अमेरिकन पेल एल घेऊ: १९ लिटरचा घाणा, सुरुवातीचा आकडा १.०५०, यीस्ट साफएल यूएस-०५, तापमान १९ अंश सेल्सिअस. हायड्रोमीटरच्या हिशेबाने हे यीस्ट ८० टक्क्यांच्या आसपास साखर संपवतं. १.०५० म्हणजे पाण्याच्या वर पन्नास पॉइंट. पन्नासातले चाळीस पॉइंट गेले की दहा उरतात, म्हणजे अपेक्षित शेवट १.०१०. हा आकडा वहीत वर, मोठ्या अक्षरात लिहा. पुढची सगळी तपासणी त्याच्याशी ताडून करायची आहे.

ही यादी जिथे घरी बिअर बनवायला कायद्याची मोकळीक आहे तिथल्या मराठी मंडळींसाठी आहे. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत सूट मिळाली. राज्याचे नियम मात्र वेगळे बघावे लागतात. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत गावी आल्यावर हा उद्योग करू नका.

त्याच दिवशी आणखी एक छोटं काम करून ठेवा. यीस्ट मिसळलेल्या वॉर्टमधलं २०० मिलिलिटर वेगळ्या निर्जंतुक बरणीत काढा, त्यात चिमूटभर जास्तीचं यीस्ट टाका, तोंडावर फॉइल सैल लावा आणि बरणी २५ ते २७ अंशांच्या उबदार जागी ठेवा. जाता-येता हलवत राहा. दोन-चार दिवसांत हा नमुना पूर्ण आंबून जाईल. त्याचा जो आकडा येईल, तिथपर्यंत तुमचा मोठा घाणा खाली जाऊ शकतो. पाकिटावर छापलेली टक्केवारी हा अंदाज असतो. बरणीतला आकडा तुमच्याच माल्टचा आणि तुमच्याच यीस्टचा असतो. नमुना मोजून झाला की फेकून द्या, मोठ्या भांड्यात परत ओतू नका.

आता एअरलॉकबद्दल, म्हणजे झाकणावरच्या पाण्याच्या त्या झडपेबद्दल, जिच्यातून आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो. बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली, या समजुतीने जितक्या बाटल्या फुटल्या असतील तितक्या दुसऱ्या कशाने नाही. झाकणाची रबरी कड नीट बसली नसेल तर वायू तिथूनच निघून जातो आणि आंबणं जोरात चालू असतानाही एअरलॉक गप्प असतो. उलट आंबणं संपल्यावर खोली दोन अंशांनी तापली, तरी द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि बुडबुडे पुन्हा दिसतात. फेसाचा जाड थर खाली बसला, कडेला तपकिरी वळ राहिला, वरचा भाग निवळू लागला, ही चांगली चिन्हं आहेत. पण ती फक्त एवढंच सांगतात की आता मोजायला हरकत नाही.

मोजायला साधारण दहाव्या दिवशी सुरुवात करा. आधी हायड्रोमीटर स्वच्छ पाण्यात घालून बघा. त्यावर लिहिलेल्या तापमानाला, म्हणजे बहुधा २० किंवा १५.६ अंशांना, तो १.००० दाखवायला हवा. दोन पॉइंट जास्त दाखवत असेल तर तेवढे दर वेळी वजा करा. आतली कागदी पट्टी सरकलेली असते, आणि हे न तपासता महिनोन्महिने चुकीचे आकडे लिहिणारे पुष्कळ आहेत. नमुना निर्जंतुक केलेल्या नळीने काढा आणि दोन ग्लासांत दहा-बारा वेळा वरखाली ओता, आपण चहा गार करतो तसा. त्यातला वायू निघून गेला पाहिजे. नाहीतर बारीक बुडबुडे काचेच्या दांड्याला चिकटतात, हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा खऱ्याहून जास्त दिसतो. हायड्रोमीटर हलकेच गरकन फिरवून सोडा, तो नळकांड्याच्या भिंतीला टेकलेला नसावा. डोळे द्रवाच्या पातळीला आणून वाचा आणि कडेला चढलेली वक्र रेघ सोडून मधली खालची पातळी घ्या. २० अंशांवर बेतलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या नमुन्यात घातला तर सुमारे अडीच पॉइंट कमी दाखवतो, म्हणून नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणारं उपकरण) वापरत असाल तर आंबलेल्या बिअरमधला त्याचा आकडा थेट घेऊ नका. अल्कोहोलमुळे तो वर सरकलेला असतो. सुरुवातीचा आकडा धरून सूत्राने दुरुस्त करावा लागतो.

तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले की बहुतेक जण बाटल्या काढतात, आणि नेमकी इथेच चूक होते. आकडा थांबला की नाही, एवढं पुरत नाही. तो कुठे थांबला हेही बघायचं असतं. आपली पेल एल १.०१० किंवा १.०११ ला थांबली तर काम झालं. ती १.०२० ला तीन दिवस तशीच असेल तर यीस्ट बहुधा झोपलंय. रात्री खोली गार पडली, यीस्ट जुनं होतं किंवा कमी पडलं, अशी साधी कारणं असतात. भांडं उघडू नका, तळचं यीस्ट वर येईल इतकं हलकं गोल फिरवा, तापमान २१-२२ अंशांवर न्या आणि चार दिवस थांबा. कोरडं यीस्ट तसंच वर भुरभुरवून फारसं काही होत नाही, कारण अल्कोहोल आधीच झालेलं असतं आणि साखर थोडी उरलेली असते. टाकायचंच असेल तर थोड्या ताज्या वॉर्टमध्ये जागं करून, फसफसायला लागलेलं टाका.

मात्र १.०२० हे खरं टोकही असू शकतं. माल्ट ६९-७० अंशांना भिजवलं असेल तर यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त बनतात. मिल्क स्टाउट या काळ्या, गोडसर बिअरमध्ये घातलेलं ४५० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, १९ लिटरला सुमारे नऊ पॉइंट वर ठेवतं आणि ते बिअरचं यीस्ट खातच नाही. विंडसरसारखी इंग्लिश यीस्टं माल्टोट्रायोज ही वॉर्टमधली एक साखर सोडून देतात, म्हणून वर थांबतात. या सगळ्याचा निकाल त्या २०० मिलिलिटरच्या बरणीने आधीच दिलेला असतो. बरणीतही १.०१९ च आला असेल तर निर्धास्त राहा.

यातलं गणित एकदा नीट बघून घ्या. बाटलीत आकडा एक पॉइंटने उतरला की साधारण अर्धा आकारमान कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक आकारमान म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू. पेल एलमध्ये आपल्याला एकूण २.४ आकारमान हवेत. सहा पॉइंट शिल्लक असताना बाटली भरली तर वर आणखी तीन, म्हणजे ५.४. खोलीच्या तापमानाला २.४ चा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा थोडा कमी असतो, ५.४ ला तो टायरच्या दुपटीपलीकडे जातो. साधी बिअरची बाटली तीन आकारमानांपर्यंत वापरावी. त्यापुढची काच कधी आणि कुठल्या दिशेने फुटेल हे सांगता येत नाही.

दोन गोष्टी थांबलेला आकडाही पुन्हा हलवतात. पहिली, ड्राय हॉप, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये वासासाठी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकणं. हॉप्समध्ये थोडी एन्झाइमं असतात. ती यीस्टला न पचणाऱ्या लांब साखरांचे, म्हणजे डेक्स्ट्रिनचे, तुकडे करतात आणि यीस्टला पुन्हा खायला मिळतं. हे नवं नाही. ब्राउन आणि मॉरिस या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच ते लिहून ठेवलंय. म्हणून हॉप्स टाकायच्या आधीचे आकडे ग्राह्य धरू नका. हॉप्स टाकल्यावर किमान तीन दिवस १८-२० अंशांवर ठेवा आणि तीन दिवसांच्या अंतराने दोनदा पुन्हा मोजा. दुसरी गोष्ट, सेझों या बेल्जियन पद्धतीच्या बिअरची काही यीस्टं. बेल सेझोंसारखं यीस्ट स्वतःच डेक्स्ट्रिन फोडतं आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू उतरत राहतं. तिथे तीन दिवसांचं अंतर अपुरं आहे. आठवड्याच्या अंतराने मोजा आणि १.००५ च्या खाली गेल्याशिवाय बाटल्यांना हात लावू नका.

मोठ्या भांड्यातून काढून मोजलेला नमुना मात्र फेकू नका, प्या. गार आणि मिळमिळीत लागेल, पण चव स्वच्छ हवी. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे यीस्टचं काम अर्धवट आहे, आणखी चार-पाच दिवस द्या. सडक्या अंड्याचा वास लागर यीस्टमध्ये येतो आणि बहुतेकदा आपोआप जातो. लोण्याचा, थिएटरातल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसेटिल. यात एक छुपी अडचण आहे: आज वास नाही म्हणून उद्या बाटलीत येणार नाही असं नसतं, कारण ज्यातून तो बनतो ते द्रव्य बिनवासाचं असतं. त्याला उघडं पाडायला नमुना दोन बरण्यांत घ्या. एक तशीच ठेवा, दुसरी झाकून ६५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं बसवा, मग गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेलीत लोणी आलं तर बिअर तीन दिवस २० अंशांवर, यीस्टसकट, राहू द्या. पृष्ठभागावर पांढरी सुरकुतलेली साय, तार धरणारा द्रव किंवा न मागितलेला आंबटपणा दिसला तर तो घाणा काचेत भरायचाच नाही. बाहेरचे जंतू यीस्टने सोडलेली साखरही खातात.

आकडा आणि चव जमली की शक्य असेल तर भांडं दोन दिवस २-४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा, गाळ घट्ट बसतो. थंड होताना हवा आत ओढली जाते, तेव्हा एअरलॉकमधलं पाणी बिअरमध्ये जाणार नाही याची सोय करा.

आदल्या संध्याकाळी बाटल्या मोजा. गाळ सोडून १८ लिटर मिळतील, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ३६ बाटल्या. ४० धुऊन ठेवा. काच तपकिरी हवी, कारण हिरव्या आणि पारदर्शक काचेतून आलेल्या उन्हाने हॉप्सचा उग्र दुर्गंध तयार होतो. पिळून उघडायच्या आट्याच्या बाटल्यांवर हातकॅपरने (झाकण दाबून बसवायच्या हत्याराने) लावलेली झाकणं नीट बसत नाहीत, त्या बाजूला काढा. प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून तळ बघा. एक वाळका ठिपकाही असेल तर ब्रश आणि सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात भिजवा. मळलेली बाटली निर्जंतुक होत नाही. भरायच्या आधी स्टार सॅन हे निर्जंतुक करणारं द्रव लिटरला दीड मिलिलिटर या प्रमाणात, दोन मिनिटं, आणि फेस राहिला तरी विसळू नका. बिअर ज्या बादलीतून बाटल्यांत भरायची तिची तोटी सुटी करून धुवा. चिकट घाण आट्यांत बसते आणि नेहमी तीच विसरली जाते. २६ मिलिमीटरची पन्नास झाकणं, सायफन, स्प्रिंगची भरणनळी आणि एक प्लॅस्टिकची जुनी सोड्याची बाटली हाताशी ठेवा. ती कशाला, ते पुढे येतं.

साखर वजनकाट्यावर मोजा, चमच्याने नाही. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये ०.८५ आकारमान वायू आधीच असतो. २.४ गाठायला घरची साधी साखर लिटरला सहा ग्रॅम, म्हणजे १८ लिटरला १०८ ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) घेतलं तर १२५ ग्रॅम. गणितात आंबणं संपल्यानंतरचं सगळ्यात जास्त तापमान धरा, फ्रिजचं नाही. फ्रिजचे तीन अंश धरले तर हिशेबात दीड आकारमान वायू आधीच दिसतो, साखर कमी पडते आणि बिअर चपटी होते. साखर ३०० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटं उकळा, निवू द्या, आधी रिकाम्या बादलीत ओता आणि तिच्यावर बिअर तळाशी, गोल फिरत येईल अशी सोडा. शेवटी निर्जंतुक डावाने दोन वेळा हळूच ढवळा. खळखळाट अजिबात नको. आत गेलेला ऑक्सिजन महिनाभरात ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. बाटली भरून भरणनळी बाहेर काढल्यावर मानेत अडीच-तीन सेंटीमीटर जागा राहते, तेवढीच राहू द्या.

शेवटची बिअर त्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, दाबून हवा काढा आणि झाकण घट्ट लावा. सगळ्या बाटल्या २० ते २२ अंशांवर, झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत, दोन आठवडे मुरू द्या. प्लॅस्टिकची बाटली रोज अंगठ्याने दाबून बघा. पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत ती नव्या सोड्याच्या बाटलीइतकी कडक व्हायला हवी. तिसऱ्याच दिवशी दगडासारखी झाली तर काचेची एक बाटली फ्रिजमध्ये पूर्ण गार करून सिंकवर उघडा. बिअर उसळून बाहेर आली तर चष्मा, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा कोट घालून सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा. दुसऱ्या दिवशी, थंड असतानाच, एकेक झाकण टॉवेलखाली किलकिलं करून वायू सोडा आणि नवी झाकणं लावा.