एमएस गायनॅक झालं, आता पुढं काय?

दरवर्षी एमएस गायनॅकचा, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीच्या पदव्युत्तर पदवीचा, निकाल लागला की मला दोन-तीन फोन येतात. ‘मॅडम, प्रॅक्टिस टाकू, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) शिकू, की कॉलेजातच थांबू?’ मी उलट विचारते, ‘रात्री दोनला हाक मारलीस तर कोण येणार?’ भूलतज्ज्ञ किती मिनिटांत, बालरोगतज्ज्ञ किती मिनिटांत, रक्ताची पिशवी कुठून? नोकरी धरण्याआधी तिथं एक रात्र काढा, घड्याळ लावून बघा. पगाराचं बोलणं नंतर.

हे मी बॉन्डमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत शिकले. ग्रामीण रुग्णालय, दुसरी खेप, बाळ सुखरूप, वार पूर्ण पडलेली, आणि गर्भाशय मात्र ओल्या कणकेसारखं सैल. ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल ही गर्भाशय आवळणारी औषधं, मसाज, सगळं झालं. पॅड बदलून बदलून सिस्टरचे हात पुरेनात. रक्तपेढी 40 किलोमीटरवर. शेवटी कॅथेटरला निरोध बांधून आत सलाइननं फुगवला, तेव्हा धार थांबली. बाई वाचली. पण फोनवरसुद्धा विचारावं असं त्या रात्री कुणी नव्हतं, ते मी विसरले नाही.

म्हणून बॉन्डच्या जागांत मेडिकल कॉलेजातली सीनियर रेसिडेंटची (एसआर, पदव्युत्तर पदवीनंतरचे निवासी डॉक्टर) जागा मिळत असेल तर ती घ्या. पाठीशी युनिट असतं, अवघड सिझर आपल्या हातून होतात, आणि सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीनंतरचं एसआरशिपचं वर्ष सहसा लागतं. शिकवायची आवड असेल तर हाच सरळ रस्ता.

कॅन्सर सर्जरीत जायचं तर गायनॅक ऑन्कॉलॉजीचं (स्त्रियांच्या कॅन्सरचं) एमसीएच ही वरची पदवी, नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन, आणखी तीन वर्षं. घरी बोलून ठरवा.

फेलोशिप, म्हणजे एखाद्या शाखेतलं जादा प्रशिक्षण घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. नाव मोठं आणि वर्षभर ऑपरेशनमध्ये नुसता कॅमेरा धरून उभं, असं झालेली मुलं माझ्याकडे येऊन रडली आहेत. ‘माझ्या हातानं किती केसेस?’ हे आधी विचारा, जुन्या फेलोंना गाठून खात्री करा. आयव्हीएफला तर हा प्रश्न कायद्याचाच आहे: 2021 च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालच्या नियमांत स्त्रीरोगतज्ज्ञासाठी देखरेखीखाली केलेल्या 50 ओव्हम पिकअपची (स्त्रीबीज बाहेर काढण्याची) नोंद मागितली आहे. केसेसच्या नोंदवहीवर, लॉगबुकवर, त्या त्या दिवशीच सही घ्या.

स्वतःचं हॉस्पिटल? दोन वर्षं थांबा. तोवर गावातल्या सीनियरकडे अटॅच व्हा, भूलतज्ज्ञांशी ओळखी करा. मग कागद: नर्सिंग होमची नोंदणी, बायोवेस्ट (दवाखान्याचा कचरा), एमटीपी (गर्भपात) केंद्राची मान्यता. पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याची) नोंदणी सोनोग्राफी मशीन यायच्या आधी. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म एफ, त्या कायद्यातला नोंदीचा फॉर्म, तिथल्या तिथं भरा, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत. हे काम रिसेप्शनवर सोपवू नका. एक रकाना कोरा राहिला तरी जबाब आपल्याला द्यावा लागतो.

आणि एकट्यानं काढू नका. आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून काढलं. आठवड्याच्या दोन-दोन रात्री प्रत्येकीच्या, रविवार आळीपाळीनं. भागीदारीच्या करारात हे कलम पैशांच्या वाटणीच्याही वर घातलं. वकिलांनी दोनदा विचारलं, ‘नक्की हेच पहिलं?’ तिघीही एकदमच हो म्हणालो.