एसडब्ल्यूआर चांगला, मग सिग्नल जातो कुठे?

हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना हातात पडला की बहुतेकांना एकच ध्यास लागतो: एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा मीटरवरचा आकडा, 1 वर आणायचा (1 म्हणजे काहीच परत येत नाही). ध्यास वाईट नाही, पण तो आकडा केबलचं नुकसान झाकतो, हे नवख्यांना कोणी सांगत नाही.

नेहमीची मांडणी घ्या. गच्चीवर अँटेना, खाली रेडिओ, मध्ये 30 मीटर आरजी-58, म्हणजे पातळ 50 ओहमची कोॲक्स केबल. 145 मेगाहर्ट्झला ही केबल सुमारे 6 डेसिबल खाते. म्हणजे 50 वॅट सोडले तर वर जेमतेम 12-13 पोहोचतात, बाकीचे केबल तापवतात. हीच केबल 7 मेगाहर्ट्झला एखादाच डेसिबल घेते, म्हणून 40 मीटर बँडवाले तिच्यावर खूश असतात.

आता गंमत बघा. अँटेनाकडून परतणाऱ्या लहरीलाही त्याच केबलमधून यावं लागतं. जाताना 6, येताना 6. परतलेली लहर खाली क्षीण होऊनच पोहोचते, त्यामुळे वर अँटेना जोडलेलाच नसला, तरी खाली मीटर साधारण 1.7 दाखवतो! खात्री हवी तर केबलचं वरचं टोक शॉर्ट करा आणि खालून नॅनोव्हीएनएवर (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) परत येणाऱ्या लहरीचा डेसिबलमधला आकडा वाचा. उणे 12 आला, तर निम्मे, म्हणजे 6 डेसिबल, हा एकेरी तोटा. नवी केबल घेतल्या दिवशीच हे मोजून वहीत लिहून ठेवावं.

त्या मानाने रेडिओ 50 ओहमचा आणि टीव्हीची केबल 75 ओहमची, या फरकाचा बाऊ फार होतो. त्यातून येणाऱ्या 1.5 एसडब्ल्यूआरला जेमतेम 4 टक्के शक्ती परतते. मोकळ्या जागेतल्या डायपोलचा (दोन हातांचा साधा अँटेना) इंपिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विरोध, तसाही 73 ओहमच्या आसपास असतो. केबल टीव्हीवाल्याची आरजी-6 स्वस्त असते आणि 145 ला आरजी-58 पेक्षा कमी खाते. फक्त तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही. टीव्हीच्या केबलला असतो तो एफ कनेक्टर दाबून बसवा आणि पुढे ॲडॅप्टर लावा. टेबलावरच्या ट्यूनरने (रेडिओला दिसणारा एसडब्ल्यूआर जुळवणारा डबा) मात्र रेडिओचं समाधान होतं, केबलमधला तोटा तसाच राहतो.

आणि पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, तर पेढे वाटू नका. बहुधा केबलच्या टोकाच्या पीएल-259 कनेक्टरमधून पाणी शिरलेलं असतं, आतली तांब्याची जाळी काळी पडलेली असते, म्हणजे केबलचा तोटा वाढलेला असतो. मेमध्येच जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. रेडिओकडे येणाऱ्या केबलला खिडकीबाहेर खाली लोंबता वळसा द्या, पाणी तिथेच ठिबकेल.