एक्सएमएलमधल्या नियमातून एक्सपाथ तयार करताना

प्रकाशन किंवा डेटा रूपांतराच्या कामात नव्याने येणाऱ्यांच्या वाट्याला हे काम हमखास येतं: कुठल्या नोंदी निवडायच्या याचे नियम वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात, कारण ते वरचेवर बदलतात आणि बदलणारी मंडळी प्रोग्रॅमर नसतात. समजा नियम असा आहे:

<नियम क्षेत्र="किंमत" तुलना="जास्त" मूल्य="500"/>

(टॅगची नावं देवनागरीत चालतात. सराव खुशाल मराठीत करा.)

यावरून 'किंमत > 500' ही एक्सपाथमधली (एक्सएमएलमधून नोंदी निवडायच्या भाषेतली) अट स्टाइलशीटने, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी भाषेतल्या प्रोग्रॅमने, स्वतः तयार करायची आणि पुस्तकं निवडायची. तुकडे जोडून स्ट्रिंग बनवणं सोपं आहे. ती $अट या व्हेरिएबलमध्ये ठेवून पुस्तक[$अट] लिहून बघा. एरर येत नाही, पण यादीतली सगळीच्या सगळी पुस्तकं बाहेर पडतात. प्रोसेसरच्या (स्टाइलशीट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी $अट म्हणजे नुसती अक्षरं, आणि चौकटी कंसात रिकामी नसलेली स्ट्रिंग आली की ती 'खरी' धरली जाते. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून हा प्रयोग मी प्रत्येक नव्या माणसाला आधी करायला लावतो.

1999 च्या एक्सएसएलटी 1.0 मध्ये स्ट्रिंगला एक्सप्रेशन म्हणून चालवायची सोयच नाही. काही प्रोसेसरांनी विस्तार म्हणून ती दिली, पण सगळीकडे चालणारा मार्ग दोन टप्प्यांचा आहे. पहिली स्टाइलशीट नियम वाचते आणि दुसरी स्टाइलशीट लिहून देते. त्या दुसरीत 'किंमत > 500' थेट लिहिलेलं असतं. पहिलीत एक्सएसएलचेच टॅग आउटपुट म्हणून लिहिले तर प्रोसेसर ते तिथेच चालवायला जातो. ते टाळायला नेमस्पेस-एलियास वापरायचं: लिहिताना टॅगला वेगळा प्रीफिक्स (नावाआधीची खूण), बाहेर पडताना एक्सएसएलचा नेमस्पेस (टॅग कुठल्या भाषेतला ते सांगणारी ओळख). रिक जेलिफ यांचं स्कीमाट्रॉन (एक्सएमएल डॉक्युमेंट तपासायची नियमांची भाषा) वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. नियमांपासून स्टाइलशीट तयार होते आणि ती डॉक्युमेंट तपासते. मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण काही बिनसलं तर मधली फाइल उघडून वाचता येते.

2017 च्या एक्सएसएलटी 3.0 मध्ये इव्हॅल्युएट ही सूचना आली आणि काम एका टप्प्यात होऊ लागलं. मात्र तिला कॉन्टेक्स्ट आयटम (अट ज्या नोंदीवरून तपासायची ती नोंद) तुम्हीच द्यायचा. बाहेरची व्हेरिएबल्स आत दिसत नाहीत, ती पॅरामीटर म्हणून पाठवावी लागतात. शिवाय ही सोय ऐच्छिक आहे. तुमच्या प्रोसेसरमध्ये ती आहे का, सुरक्षेसाठी बंद तर ठेवलेली नाही ना, हे आधी बघा.

मूल्य मात्र एक्सप्रेशनमध्ये कधीही चिकटवू नका. रोमन लिपीतल्या याद्यांत वसई-गोव्याकडची डि'सूझा, डि'मेलो अशी आडनावं येतात. लेखक = 'डि'सूझा' असं तयार झालं की स्ट्रिंग 'डि'पाशीच संपते आणि पुढे सिंटॅक्स एरर. तेच अवतरणचिन्ह वापरून कुणी मुद्दाम 'or' (किंवा) जोडून अख्खी अटही फिरवू शकतो. म्हणून एक्सप्रेशनमध्ये $मूल्य एवढंच ठेवा. इव्हॅल्युएटला ते पॅरामीटरने द्या. दोन टप्प्यांत काम करत असाल तर दुसऱ्या स्टाइलशीटमध्ये व्हेरिएबलच्या टॅगच्या आत साधा मजकूर म्हणून लिहा, तिथे अवतरणाचा प्रश्नच येत नाही. क्षेत्राचं नाव असं पाठवता येत नाही. ते मान्य नावांच्या यादीशी ताडून घ्या आणि यादीत नसेल तर तिथेच थांबा.

यातून एक नवी गोष्ट उद्भवते. स्कीमा (कुठल्या क्षेत्रात आकडा आणि कुठल्या क्षेत्रात मजकूर हे सांगणारी व्याख्या) न लावलेल्या डेटावर एक्सपाथ 2.0 पासून पुढे किंमत > $मूल्य ही तुलना दोन्ही बाजूंना साधा मजकूर असेल तर अक्षरांप्रमाणे होते. 1000 ची सुरुवात 1 ने, 500 ची 5 ने, म्हणून हजाराचं पुस्तक यादीतून गळतं. एक्सपाथ 1.0 मध्ये हीच तुलना आकड्यांची असते. त्यामुळे जुनी स्टाइलशीट नव्या आवृत्तीवर नेताना दोन्ही बाजूंना नंबर फंक्शन लावा, आणि चाचणीच्या फाइलमध्ये 90, 500 आणि 1000 या तिन्ही किमतींची पुस्तकं ठेवा.